हंडा, हार आणि हिशेब

जालना जिल्ह्यात एप्रिल उजाडला की कॅमेरे येऊ लागतात. तलावाचा भेगाळलेला तळ, विहिरीच्या काठावर दोर धरून वाकलेल्या बायका, टँकरभोवती रांगेने मांडलेले प्लास्टिकचे रंगीत हंडे. चौकट ठरलेली असते, बदलते ते फक्त गावाचे नाव. यातले काहीही खोटे नसते. पण त्या विहिरीचे पाणी एप्रिलमध्ये संपलेले नसते. ते कधी संपणार हे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच ठरून गेलेले असते. गहू पेरायचा की हरभरा, ऊस ठेवायचा की मोडायचा, शेततळे भरायला मोटार किती दिवस चालवायची, हे ज्या त्या घरात, कोणालाही न विचारता ठरते आणि त्याचा निकाल उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगेत दिसतो. ऑक्टोबरात मात्र कॅमेरा घेऊन कोणी फिरकत नाही. शिवार हिरवे असते आणि हिरव्या शिवारात बातमी सापडत नाही, असा पत्रकारितेचा जुना समज आहे.

दुसरे एक चित्र याच्या नेमके उलटे. एखाद्या गावाने चर खणले, बांध घातले, विहिरी भरल्या. मग सरपंचाच्या गळ्यात हार, मंत्र्यांचा दौरा, वर्तमानपत्राच्या पुरवणीत पानभर यशोगाथा. हेही खोटे नसते. पण या दोन चित्रांच्या मधे जे दहा-अकरा महिने पडतात, त्यांत पाण्याचे खरे राजकारण, खरा हिशेब आणि खरा अन्याय घडत असतो. पर्यावरणीय न्याय आणि जलसंधारण यांसाठी संवादाचे काम करणारा माणूस त्या मधल्या महिन्यांत काम करतो. निदान त्याने तिथे करावे अशी अपेक्षा असते. संस्थांच्या कार्यालयांत या कामाला ‘कम्युनिकेशन’ किंवा ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणतात आणि पुष्कळदा त्याचा अर्थ अहवालासाठी फोटो काढणे एवढाच घेतला जातो. हे काम फोटोपुरते नाही, हे जालन्याइतके स्पष्टपणे फार थोडे जिल्हे दाखवतील.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा झाला. तालुके आठ : जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. समर्थ रामदासांचे जांब इथलेच, राजूरचा गणपती इथलाच. शहराची ओळख व्यापाराची. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी, पुढे बियाण्यांच्या कंपन्यांनी आणि स्टीलच्या रोलिंग मिलनी ती खरी करून दाखवली. पाऊस वर्षाला साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर. हा आकडा वाळवंटाचा नाही. तरीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, तेव्हा त्यांत जालन्याचे पाच तालुके होते.

जिल्ह्याच्या पोटात दोन वेगळे मुलूख आहेत. दक्षिणेला, गोदावरीच्या बाजूला, जायकवाडीचा डावा कालवा जातो. अंबड, घनसावंगी, परतूरच्या लाभक्षेत्रात ऊस दिसतो, साखर कारखान्यांची धुराडी दिसतात. उत्तरेला भोकरदन-जाफ्राबादकडे केळणा, गिरजा, पूर्णा या नद्या पावसाळ्यापुरत्या वाहतात आणि बाकीचे वर्ष विहिरी आणि बोअर यांच्यावर निघते. जमिनीखाली बेसाल्टचा काळा खडक. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा एवढीच पाण्याची जागा, तीही गंगेच्या गाळासारखी सलग नाही. त्यामुळे एका विहिरीला पाणी असते आणि शंभर पावलांवरचा बोअर कोरडा जातो. ही रचना समजल्याशिवाय इथल्या पाण्याबद्दल बोलणे म्हणजे पाणाड्याच्या हातातल्या नारळावर भरवसा ठेवणे आहे. बरेच जण अजून ठेवतातही. पाणाडी चुकला तरी तो समोर उभा राहून, शेतकऱ्याच्या भाषेत, ठामपणे बोलतो. भूजलतज्ज्ञ बरोबर असला तरी बहुधा अहवालात बोलतो.

आता थोडे गणित. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर मांडले की लोक गप्पा थांबवून ऐकू लागतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हजार हेक्टरांचे गाव आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षाला ७०० कोटी लिटर पाणी गावावर पडते. त्यातले बरेचसे उडून जाते, वाहून जाते, मातीत राहून पिकाला मिळते. दहावा हिस्सा खडकात मुरला असे धरले, तरी ते ७० कोटी लिटर होतात. जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटरचे माप ठरवले आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला त्या मापाने वर्षभर लागतात सुमारे ४ कोटी लिटर. आणि एक हेक्टर ऊस वर्षाला दोन ते अडीच कोटी लिटर पितो. म्हणजे दोन हेक्टर उसाचे पाणी आणि अख्ख्या गावाचे वर्षाचे घरगुती पाणी जवळजवळ सारखे.

हे आकडे ढोबळ आहेत आणि गावागणिक बदलतात. पण त्यांतून एक गोष्ट निघते. आकाशातून पाणी येत नाही म्हणून टँकर येतो, हे विधान बहुतेक वर्षी अपुरे असते. जमिनीखालचे पाणी सगळ्यांचे, ते उपसायची मोटार मात्र ज्याची त्याची. ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि खोल बोअर आहे त्याचे पीक जगते, आणि गावाच्या पाणीपुरवठ्याची उथळ विहीर आटल्यावर रांगेत उभी राहते ती भूमिहीनाच्या घरची बाई. इथे जलसंधारणाचा प्रश्न न्यायाचा होतो. ‘एन्व्हायर्न्मेंटल जस्टिस’ हा शब्दप्रयोग अमेरिकेत १९८२ साली वॉरन काउंटीतल्या विषारी कचऱ्याविरुद्धच्या आंदोलनातून पुढे आला, असे पुस्तकांत सांगतात. महाराष्ट्राला त्यासाठी इतके लांब जायची गरज नव्हती. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर हाच प्रश्न उभा होता. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी पाणी जमिनीला न देता माणसांना वाटले. दरडोई अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. या एवढ्या साध्या नियमांवर महाराष्ट्रात अजून भांडण मिटलेले नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळाने जालना देशभरच्या वाहिन्यांवर नेले. मोसंबीच्या बागा वाळल्या. दहा-पंधरा वर्षांची झाडे तोडून सरपणाला विकायची वेळ शेतकऱ्यांवर आली. शहराला पाणी देणारा निजामकालीन घाणेवाडी जलाशय आटला आणि लाखोंची वस्ती टँकरवर आली. त्या काळातल्या बातम्या आज चाळल्या तर दुःख भरपूर सापडते, कारणे फार कमी. मोसंबीची बाग लावताना पाण्याचा अंदाज कोणी सांगितला होता का, घाणेवाडीत किती गाळ साचला होता आणि तो दशकानुदशके का काढला नाही, शहराच्या पाण्याची जबाबदारी नेमकी कोणाची होती, हे प्रश्न बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात, जागा उरली तर. उत्तरे काही अंशी नागरिकांनीच दिली. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने आणि लोकवर्गणीतून गाळ उपसला गेला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. शहरातला व्यापारी आणि घाणेवाडीच्या बाजूचा शेतकरी एका कामावर आले, ही त्या वर्षातली मोठी बातमी होती. ती स्थानिक पानांवर राहिली.

याच दुष्काळात एका गावाचे नाव सगळीकडे झाले : कडवंची.

जालना तालुक्यातले हे गाव १९९६ साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात आले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी काम हाती घेतले, त्यामागे विजयअण्णा बोराडे यांची दृष्टी होती. कामाची रीत ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग नाल्यांवरचे उपचार. ओढ्यावर एकदम सिमेंटचा बंधारा बांधून फीत कापायची नाही. सुमारे १,८०० हेक्टरांचे पाणलोट क्षेत्र, काही वर्षांची कष्टाची कामे आणि त्यानंतर द्राक्षाच्या बागा. पुढे शेततळी आली. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. २०१२ मध्ये आजूबाजूची गावे टँकरची वाट पाहत असताना कडवंचीच्या बागा उभ्या होत्या. मग राज्यभरातून बसगाड्या भरून शेतकरी येऊ लागले, कृषी खात्याचे अधिकारी आले, वाहिन्या आल्या.

कडवंचीची गोष्ट सांगणाऱ्यांनी काय सांगितले आणि काय गाळले, हे तपासणे संवादाच्या विद्यार्थ्याला फार उपयोगाचे आहे. निळ्या प्लास्टिकच्या अस्तराचे भरलेले शेततळे छान दिसते. ड्रोनमधून तर अधिकच छान. डोंगरावरचे चर मात्र दोन पावसाळ्यांत गवताखाली जातात, फोटोत येतच नाहीत. त्यामुळे पाहुण्यांच्या डोक्यात शेततळे राहिले आणि पाणलोट निसटला. त्यात भर म्हणून २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. राज्यभर खड्डे झाले, त्यांना अस्तर लागले. ते पावसाच्या पाण्याने भरावेत ही कल्पना होती, पण अनेक ठिकाणी विहिरी-बोअर उपसून ते भरले जाऊ लागले. जमिनीखालचे सामाईक पाणी एका खातेदाराच्या प्लास्टिकवर आणून ठेवायचे आणि उन्हाळाभर त्याची वाफ होऊ द्यायची. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, म्हणजे ५५ लिटरच्या मापाने ११० माणसांचे वर्षाचे पाणी. संशोधक ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या या वापरावर बोट ठेवले. लेख इंग्रजीत होता. ज्या शेतकऱ्यांविषयी तो होता त्यांच्यापर्यंत तो मराठीत, सोप्या भाषेत, चिडचिड न करता पोचवणे हे संवादकाचे काम होते. ते पुरेसे झाले नाही. यशोगाथा मात्र घरोघरी गेली.

पाणलोटाच्या यशोगाथेतून आणखी एक पात्र नेहमी गायब असते : शेळीवाली. माथ्यावर चर खणून झाडे लावली की चराईबंदी येते, कुऱ्हाडबंदी येते. इंडो-जर्मन कार्यक्रमात या अटीच होत्या, आणि गवत वाढायला त्या लागतातही. पण बंदीचा भार गायरानावर शेळ्या चारणाऱ्या भूमिहीन घरावर पडतो आणि विहिरीला वाढलेले पाणी विहीरवाल्याला मिळते. चांगल्या गावांनी यावर तोडगे काढले. टप्प्याटप्प्याने बंदी, कापून नेता येईल असा चारा, मजुरीत प्राधान्य. हे तोडगे कोणत्या बैठकीत, कोणाच्या बोलण्यावरून निघाले, हे लिहून ठेवणारा माणूस त्या बैठकीत हजर असेल तरच पुढच्या गावाला त्यांचा उपयोग.

खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची एक परंपरा इथे मुद्दाम सांगायला हवी. दर महिन्याच्या ५ तारखेला तिथे शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. वर्षानुवर्षे तारीख तीच. निमंत्रण लागत नाही, हार-तुरे नसतात, विषय हंगामाप्रमाणे. कोणत्याही मोहिमेची जाहिरात जे करू शकत नाही ते या ठरलेल्या तारखेने केले. शेतकऱ्याला प्रश्न घेऊन कुठे आणि कधी जायचे हे माहीत झाले. चुकलेला सल्ला पुढच्या ५ तारखेला तोंडावर फेकता येतो. जलसंवादाच्या नावाने होणाऱ्या कार्यशाळांपैकी कितींना ही कसोटी झेपेल?

भोकरदन-जाफ्राबाद भागात दुसरा प्रयोग झाला. १९९३ मध्ये फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी स्थापन केलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था, जिला गावांत ‘वॉटर’ म्हणूनच ओळखतात, तिथे बराच काळ काम करते आहे. न दिसणारे पाणी दाखवायचे कसे, या अडचणीवर तिने त्रिमितीय प्रतिकृतीचा उपाय काढला. गावाचे डोंगर, ओढे, विहिरी आणि त्याखालचे खडकाचे थर दाखवणारी प्रतिकृती मांडायची आणि लोकांना तिच्याभोवती बसवायचे. नकाशा वाचता न येणाऱ्या आजीबाईलाही आपली विहीर आणि शेजाऱ्याचा बोअर एकाच थरातून पाणी ओढतात हे बोटाने दाखवता येते. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : त्याने खोल नेले तर माझे काय? प्रतिकृतीच्या जोडीला गावातच जलसेवक तयार करायचे, पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडायचा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हे आधीच करून दाखवले होते. तिथे पाऊस मोजून रब्बीची पिके ठरतात, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. आंध्र प्रदेशात एका मोठ्या भूजल प्रकल्पात शेतकरी स्वतः विहिरी मोजून भिंतीवर आकडे लिहीत आणि पेरणीआधी बसून हिशेब करत.

या सगळ्या प्रयोगांत सक्ती जवळपास नव्हती. आकडा भिंतीवर होता एवढेच. चारचौघांत लिहिलेला आकडा माणसाला थोडा अवघडवतो आणि त्या अवघडलेपणातून कधीकधी गव्हाच्या जागी हरभरा येतो. नेहमी येत नाही, हेही सांगून टाकले पाहिजे. भाव चांगला असेल तर भिंतीवरच्या आकड्याकडे कोणी बघत नाही.

केंद्राची अटल भूजल योजना २५ डिसेंबर २०१९ रोजी सात राज्यांत सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांत जालना होते. ६,००० कोटींची ही योजना, निम्मा वाटा जागतिक बँकेचा. योजनेत पाण्याचा अंदाजपत्रकासारखा जमाखर्च, जलसुरक्षा आराखडा आणि माहितीचे जाहीर फलक यांना महत्त्व होते. म्हणजे संवाद हाच योजनेचा कणा. इथे एक अडचण उघडी पडते. आराखडा ग्रामपंचायतीच्या कपाटात फाईल म्हणून राहतो की चावडीवर वाचला जातो, यावर सगळे अवलंबून. महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. पावसाळा संपत आलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते. ताळेबंद वाचायला याहून चांगला दिवस नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी अशी कायद्यात तरतूद आहे. ती सभा कागदावर उरकायची की खरोखर भरवायची, हे ठरवण्यात संवादकाचा थोडा हात असतो. सकाळी अकराची वेळ ठेवली तर मजुरीला गेलेल्या बाया येणार नाहीत, हे समजायला पीएचडी लागत नाही. पण वेळ बहुधा अकराचीच असते.

महाराष्ट्रात पाण्याच्या संवादाचा सर्वांत मोठा प्रयोग अर्थातच पानी फाउंडेशनचा. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, पुढच्या वर्षी तीस तालुक्यांत पसरली, २०१८ मध्ये पंचाहत्तरांत. आमिर खानचा चेहरा, अजय-अतुलचे संगीत, टीव्हीवरची मालिका. पण स्पर्धेचा गाभा गावकऱ्यांच्या प्रशिक्षणात होता. एका गावची माणसे दुसऱ्या, काम झालेल्या गावात राहून शिकत, आणि परत येऊन आपल्या गावाला उठवत. उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस दिवसांत हजारो गावांनी श्रमदान केले. पाण्याचे काम रटाळ सरकारी योजना न राहता गावाच्या अभिमानाची गोष्ट होऊ शकते, हे या प्रयोगाने दाखवले. त्याची मर्यादाही त्यातच होती. खणण्याची स्पर्धा घेता येते, कमी उपसण्याची घेणे कठीण. साठवलेले पाणी कोणी वापरायचे या प्रश्नावर टाळ्या पडत नाहीत. फाउंडेशनने नंतर समृद्ध गाव स्पर्धा आणि पुढे शेतकरी गटांचा फार्मर कप यांकडे मोर्चा वळवला, त्यात या मर्यादेची जाणीव दिसते.

सरकारच्या संवादाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या जाहिराती सगळ्यांना आठवतात. २०२० मध्ये कॅगने सहा जिल्ह्यांतली कामे तपासून, सुमारे ९,६३४ कोटी खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाला फारसे यश आले नाही, असे नोंदवले, हे तितक्या जणांना आठवत नाही. या अहवालावर राजकारण झाले, ते होणारच. पण कोणत्या गावात का साधले आणि कुठे का फसले याची शांत उकल गावांपर्यंत कोणी नेली नाही.

संवादक म्हणून काम करणाऱ्याची स्वतःची कोंडीही समजून घेतली पाहिजे. बहुतेक प्रकल्प तीन ते पाच वर्षांचे असतात. देणगीदाराला इंग्रजीत, तिमाहीला, यशाची गोष्ट हवी. गावाला मराठीत, वेळेवर, खरी माहिती हवी. एकाच माणसाला दोन्ही द्यायचे असते आणि पगार पहिल्यातून येतो. मग हळूहळू त्याचे डोळे फोटोजेनिक शेततळे शोधू लागतात. बोअर फेल गेल्यामुळे कर्जात बुडालेला शेतकरी अहवालात ‘आव्हाने’ या मथळ्याखाली दोन ओळींत मावतो. याला उपाय एकच दिसतो. गावाला दिलेली माहिती आणि देणगीदाराला दिलेली माहिती एकच असावी, आणि गावाने ती आधी पाहिलेली असावी. ज्या बाईचा फोटो छापला तिला तो दाखवला होता का, तिचे नाव घालायला ती हो म्हणाली होती का, हा प्रश्नही न्यायाच्याच खात्यातला आहे. हंडा घेतलेली बाई वीस वर्षे पोस्टरवर आहे, पण पाणी समितीच्या बैठकीत तिचे बोलणे इतिवृत्तात क्वचित येते.

जिल्ह्याच्या सीमेवर हा विषय संपत नाही. अंबड-परतूरच्या कालव्यात पाणी येणार की नाही हे नाशिक आणि नगरच्या धरणांवर ठरते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातली तूट वरच्या आणि खालच्या धरणांनी वाटून घ्यावी असे सांगितले. या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे असा हिशेब मांडला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. तरीही दर तुटीच्या वर्षी दोन्हीकडे मोर्चे निघतात आणि दोन्हीकडची वर्तमानपत्रे आपापल्या जिल्ह्याची बाजू छापतात. नाशिकच्या वाचकाला परतूरचा शेतकरी पाणीचोर वाटतो आणि परतूरच्या वाचकाला नाशिकचा द्राक्षवाला. अशा वेळी प्रदीप पुरंदरे यांच्यासारख्या जलतज्ज्ञाने वर्षानुवर्षे मराठीत केलेले लेखन उपयोगी पडते. कलम काय म्हणते, कालव्याची अवस्था काय, आराखडा कुठे अडला, हे ते नावानिशी सांगतात. दत्ता देशकरांचे ‘जलसंवाद’ मासिक, ‘ॲग्रोवन’ची पाने, लातूरहून लिहिणारे अतुल देऊळगावकर यांचे पर्यावरणावरचे लेखन, माधवराव चितळ्यांची व्याख्याने, हा मराठीतला पाण्याचा वाचनसाठा लहान नाही. या क्षेत्रात येणाऱ्या तरुणाने परदेशी हँडबुक उघडण्याआधी तो वाचावा. एवढे करूनही दक्षिण जालन्याला एक गैरसोयीचा प्रश्न विचारावाच लागतो. वरून न्यायाने मागितलेले पाणी खाली आल्यावर उसात जाणार असेल, तर त्या न्यायाचा वाटा भोकरदनच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आणि परतूरच्याच भूमिहीनाने कुठे मागायचा?

सगळ्यात अवघड काम कायदा समजावण्याचे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ सालचा, लागू झाला १ जून २०१४ पासून. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींना लगाम घालण्याची तरतूद आहे. २०१८ मध्ये नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. विहिरींची नोंदणी, पीक आराखडा अशा शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्याला भिडणाऱ्या गोष्टी त्यात होत्या. दरम्यान बोअरच्या गाड्या उन्हाळाभर गावोगाव फिरतात आणि दोनशे फूट ही त्यांची सुरुवात असते. ग्रामसभेत हा कायदा वाचून दाखवायला तासभर पुरतो. वाचून झाल्यावर उठणारा पहिला माणूस बहुधा अल्पभूधारक असतो, ज्याच्याकडे बोअर नाही आणि यंदा कर्ज काढून घ्यायचा विचार आहे. त्याचा प्रश्न साधा असतो : ज्यांनी आधीच सहाशे फूट नेले, त्यांचे पाणी तसेच चालू राहणार आणि बंदी फक्त मला? संवादकाने हा प्रश्न टिपून घ्यायचा, जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात न्यायचा आणि मिळालेले उत्तर पुढच्या ग्रामसभेत त्याच माणसासमोर वाचायचे. उत्तर पटले नाही तर तेही इतिवृत्तात घालायचे.